पिवळ्या विमानाचा कंट्रोलर

४ फेब्रुवारी

मावशी,

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आई म्हणते, हल्ली तू फोनवर "हो, बरी आहे, ठेवते" एवढंच बोलतेस. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. कागदाला काही "ठेवते" म्हणून गप्प करता येत नाही.

एक मागणं आहे. माझा एक मित्र गाव सोडून गेला आणि जाताना त्याचं अर्धवट ड्रोन माझ्या गळ्यात मारून गेला. चार हातांचा सांगाडा आहे, प्रत्येक हाताच्या टोकाला मोटर आहे आणि मधोमध फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे त्याचा मेंदू. नाहीत ते स्पीड कंट्रोलर. मेंदूनं हुकूम द्यायचा आणि यांनी मोटर कमी-जास्त फिरवायची, तेच ते. काकांच्या रिमोटवरच्या छोट्या विमानांत असायचे बघ, काड्यापेटीएवढे, दोन्हीकडून वायरी निघालेले. काकांच्या खोलीत कुठल्या डब्यात चार पडलेले असले तर पाठवशील?

तू म्हणशील, घोडा झाला तरी याचे खेळ संपेनात. पण खेळ नाही गं. छपरांच्या कामात आधी वर चढून फुटलेली कौलं शोधावी लागतात. वरून फोटोच काढता आले तर शिडीचे फेरे वाचतील. मलाही आता चढायचा कंटाळा आलाय.

परवा सहज गोदामांमागचं मैदान आठवलं. तू कॅनव्हासचे बूट घालून, विमान डोक्यावर धरून वाऱ्याच्या तोंडावर धावायचीस. काका रिमोट धरून लांबून ओरडायचे, "सोड!" आणि तू हात रिकामा झाल्यावरही चार पावलं तशीच धावत राहायचीस. मला तेव्हा वाटायचं, विमान तुझ्या धावण्यावरच उडतं.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझा खारू

१९ फेब्रुवारी

खारू,

"पडलेले असले तर" म्हणे! तुझ्या काकांच्या खोलीत काही पडलेलं असायचं का रे कधी? तिथे स्क्रूसुद्धा शाळेतल्या पोरांसारखे उंचीनं उभे असायचे.

चार मिळाले. सोबत पाठवलेत. तीन एकाच जातीचे आहेत, चौथा थोडा थोराड आहे, पण तोही गुणी आहे. हे विमानाचे आहेत, ड्रोनचे नाहीत, एवढं लक्षात ठेव. जमलं तर जमलं.

मोटर जोडून बघताना पंखे काढून ठेव. ही विनंती नाही. पंखा लावलेली मोटर टेबलावर सुरू करणाऱ्याला तुझे काका "नऊ बोटांचा उमेदवार" म्हणायचे.

आणि हा कंटाळा कुठून आला? तुला झाडावरून उतरवता उतरवता ताईचा घसा बसायचा, म्हणून तर तुझं नाव खारू पडलं. खारीला झाडाचा कंटाळा आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मावशी

६ मार्च

मावशी,

पार्सल मिळालं. कथिलाचं डाखकाम केलं, वायरी बांधल्या, पंखे काढून मोटरी फिरवून पाहिल्या. चारही फिरल्या. मला वाटलं, जिंकलं! मग पंखे लावले आणि स्वयंपाकघरातच उडवलं.

तीन मोटरी लगेच सुरू झाल्या. चौथी आळस देऊन, डोळे चोळत उठल्यासारखी मागून आली. तोवर ते एका अंगावर कलंडलेलं. सावरायला गेलं ते दुसऱ्या अंगावर गेलं. मग हुडहुडी भरल्यासारखं थरथरलं, वीतभर उचललं गेलं आणि उलटं होऊन पिठाच्या डब्यावर आदळलं. आई म्हणाली, "माझ्या बहिणीकडून आलेली वस्तू आहे म्हणून मी काही बोलत नाही." आणि मग जेवायची वेळ होईपर्यंत बोलत राहिली.

दोन पंखे मोडले, पण बाकी सगळं शाबूत आहे. नवे पंखे लावून पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तेच. मी खुर्चीत बसून रिमोट मांडीवर घेऊन नुसता बघत राहतो. मेंदू ठीक आहे, मोटरी ठीक आहेत, कंट्रोलरही ठीक. तीन शहाणी माणसं एका घरात, तरी रोज भांडण, तसं चाललंय. तुझ्या डोक्यात काही येतंय का? दुपारभर खुर्चीत बसून माझं डोकं आंबून गेलंय.

तू काकांची गोष्ट लिहिलीस ती आईला वाचून दाखवली. ती हसली आणि मग उगाच पदरानं चष्मा पुसत बसली.

खारू

१५ मार्च

खारू,

तुझ्या घरात भांडण नाही, ऐकू येण्यातला फरक आहे.

असं बघ. विमान आपल्या पंखांवर हवेत टेकून असतं. मोटरला हुकूम पोचायला थोडा उशीर झाला तरी त्याचं बिघडत नाही. म्हणून विमानाचे कंट्रोलर सेकंदाला पन्नासेक हुकूम ऐकायच्या बेताने केलेले असतात. शिवाय ऐकलं की लगेच करत नाहीत. चार हुकूम गोळा करून, घोळवून, मोटरला हळूच सांगतात, म्हणजे विमानाला धक्का बसत नाही. तुझ्या ड्रोनला टेकायला काहीच नाही. ते अखंड पडत असतं आणि अखंड सावरत असतं. म्हणून त्याचा मेंदू सेकंदाला चारशे वेळा ओरडतो. एवढा कलकलाट करणारं पोर आणि कानानं जड झालेले आजोबा. आजोबा "काय म्हणालास?" म्हणेपर्यंत पोर पडलेलं असतं.

आता उपाय. आजोबांचे कान काही बदलत नाहीत, तेव्हा पोरालाच हळू बोलायला लाव. मेंदूच्या सेटिंगमध्ये हुकमाचा वेग पन्नासवर आण. तोल सावरायचा जोरही निम्म्याहून कमी कर, नाहीतर उशिरा पोचलेली दुरुस्ती नव्या चुकीसारखी बसते आणि ती हुडहुडी भरते. पंखे मोठे, सावकाश फिरणारे लाव.

चारही कंट्रोलरना शून्य कुठे आणि पूर्ण जोर कुठे हे एकाच वेळी शिकव. पंखे काढ, रिमोटची काठी पूर्ण वर ठेव, बॅटरी जोड, टुकटुक ऐकू आलं की काठी खाली. प्रत्येकाची समजूत वेगळी असेल तर एखादी मोटर उशिरा उठणारच. "हळू सुरुवात" आणि "ब्रेक" या दोन्ही सोयी बंद कर. मेंदूकडे वीज नेणाऱ्या लाल वायरी तीन कंट्रोलरच्या काढून टाक, एकाचीच ठेव. मेंदूला चार चार घरचं जेवण नको.

तुला नवल वाटेल, मावशीला हे कसं ठाऊक. अरे, उडवायचे ते, पण डाखायची मीच. टेलिफोन एक्सचेंजमध्ये दिवसभर लोकांच्या तारा जोडून घरी यायची आणि रात्री नवऱ्याच्या. ते म्हणायचे, "तुझ्या डाखाला मी झाकण लावत नाही, लोकांना दिसू दे." विमान खाली आलं की ते वाऱ्याला दोष द्यायचे, लोकांना, बॅटरीला, पण वायरीला कधी नाही. संसारात त्यांच्या तोंडून जे ऐकायचं राहून गेलं, ते असं वायरीमार्फत ऐकून घेतलं मी.

आणखी एक. बॅटरी उतरली की हे कंट्रोलर आपणहून मोटर बंद करतात. विमानाला ते बरं असतं, मोटर थांबली तरी ते तरंगत घरी येतं. ड्रोन दगडासारखं खाली येईल. ती सोय आठवणीनं बंद कर. वरून पडणाऱ्याला तरंगायची सोय नसते.

आता तू सांग. तुझ्या पत्रात खुर्ची दोनदा आली. भर दुपारी, कामाच्या दिवशी, खुर्चीत. मी ताईला फोन केला आणि विचारलं, खारू कामावर जातो ना? ती म्हणाली, "तुमच्याकडे उकाडा काय म्हणतोय?" आम्ही एका पलंगावर झोपून वाढलो आहोत. ताईनं हवामान काढलं की घरात काहीतरी झालेलं असतं.

खरं लिही.

मावशी

२ एप्रिल

मावशी,

पडलो. नोव्हेंबरमध्ये, एका गोदामाच्या छपरावरून. खालची फळी कुजलेली होती, वरून कळलं नाही. मांडीत सळई घातली आहे. हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकत नाही. काठी घेऊन चालतो. डॉक्टर म्हणाले, चालशील, पळशीलही कदाचित, शिडीचं विसर. मुकादम भला माणूस. म्हणाला, ऑफिसात बसून कौलांचे हिशेब बघ. मी दोन दिवस गेलो आणि घरी येऊन बसलो. लहानपणापासून वरून जग बघितलेल्या माणसानं टेबलाखाली पाय घालून काय करायचं?

तुला सांगितलं नाही, कारण काकांना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आई म्हणाली, तिच्यावर आणखी काही टाकायचं नाही. माझं चुकलं असेल, पण आईला बोल लावू नकोस.

आता बरी बातमी. तू लिहिलंस तस्संच केलं. रिमोटची काठी वर करून बॅटरी जोडली आणि चारही कंट्रोलर एका सुरात टुकटुकले. आधी प्रत्येकाचा सूर वेगळा लागायचा. अंगणात नेलं. सकाळी वारा नव्हता. काठी हळूहळू वर केली आणि मावशी, ते उठलं! माल लादलेलं गलबत असावं तसं डुलत, पण उठलं. डावीकडे वळ म्हटलं की आधी विचार करायचं, मग वळायचं. कुंपणाच्या टोकापर्यंत गेलं. तिथे दिसेना म्हणून मी मागोमाग गेलो, आणि आई दारातून ओरडली, "अरे, काठी!" चालायची काठी खुर्चीशीच राहिली होती. कुंपणापर्यंत मी तसाच चालत गेलो होतो.

एक विचारायचंय. कंट्रोलर उतरवून पुसत होतो. एकाच्या पाठीला पिवळ्या रंगाचा टवका चिकटलाय, एकाला लाल, एकाला निळा. थोराड आहे त्याला पांढरा. वायरीही डब्यातल्या सुट्या वस्तूच्या असतात तशा नव्हत्या, मधूनच कापलेल्या होत्या. मी ते रंग विसरेन का? पिवळं विमान तर रंगवायला मी बसलो होतो, निम्मा रंग माझ्या सदऱ्यावर गेला होता.

मावशी, विमानं कुठे आहेत?

खारू

१४ एप्रिल

खारू,

आधी रागावून घेते. मला दुःखातून वाचवायला निघालात दोघं! नवरा गेलेल्या बाईला आणखी काही सोसणार नाही असं कुणी ठरवलं? उलट तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं, "मावशी, ये, इथे एक पाय मोडलाय, त्याला पाणी दे." मी तुमच्याकडे येऊन चार महिने तुझ्यावर खेकसत बसले असते आणि मला ते किती बरं वाटलं असतं! ताईला मी वेगळं पत्र लिहिलंय. ते तू वाचायचं नाहीस.

आता विमानांचं. विमानं आहेत तिथेच आहेत, छताला टांगलेली. त्यांच्या पोटातून कंट्रोलर काढले, एवढंच. डब्यात सुटे नव्हतेच. ते कधी काही सुटं ठेवत नसत.

नवे मिळतात हे मला ठाऊक आहे. तुझं पत्र आल्यावर मी दुकानात जाऊन आले. पोरगेलासा दुकानदार म्हणाला, "आजी, ड्रोनसाठी आता खास मिळतात, जुने कशाला शोधता?" त्यानं काचेवर चार मांडूनही दाखवले. मी बघितले, छान आहेत म्हटलं आणि घरी आले.

दवाखान्यातून एकटी परतले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीला कुलूप लावलं होतं. लोक म्हणायचे आवरून टाक, कुणाला तरी देऊन टाक. मी किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली आणि तांदूळ वरवरचे घेत राहिले. तू काही मागितलं नसतंस तर मी ते दार उघडलं नसतं. कुलूप काढलं तर आत गोंदाचा आणि लाकडाच्या भुशाचा तोच वास. त्यांच्या उंच स्टुलावर बसले. माझे पाय जमिनीला पोचेनात. इतक्या वर्षांत मी त्या स्टुलावर कधी बसलेच नव्हते, मी आपली कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून डाखायची.

पिवळं आधी उतरवलं. उलटं केलं तर पोटात माझाच डाख, चकचकीत. त्यावर खरंच झाकण नव्हतं. कात्री धरून बराच वेळ बसले. मग म्हटलं, यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते? "खारूला हवाय ना? मग बघत काय बसलीस?" म्हटलं आणि कापलं. चौथ्या विमानापर्यंत रडणं थांबलं होतं. हाताला काम मिळालं की डोळे आपले गप्प बसतात.

तुझी काठी खुर्चीशी राहिली, ते वाक्य मी तीनचारदा वाचलं.

परत पाठवायचा आचरटपणा करू नकोस.

मावशी

२० मे

मावशी,

आचरटपणा करतोय. सोबत पार्सल आहे. आधी सगळं वाच, मग रागाव.

गेल्या आठवड्यात मुकादमानं निरोप धाडला. वाचनालयाच्या छपराचं काम मिळालंय, तुझं ते खेळणं घेऊन ये, बघू. गेलो. कामावरची सगळी माणसं गोल करून उभी. मुकादम हात मागे बांधून म्हणाला, "हे वर जाणार, आणि खाली कोण आणणार?" हशा झाला. मी खाली कॅमेरा बांधला आणि उडवलं.

पहिली बाजू छान झाली. दुसऱ्या बाजूला धुराड्यापाशी वाऱ्याचा भोवरा होता. वाऱ्यानं ढकललं, मेंदूनं सावर म्हटलं, आणि आजोबांनी ऐकेपर्यंत ते धुराड्याला घासून पन्हळीत जाऊन बसलं. मुकादमच शिडी लावून वर गेला आणि कोंबडी काखेत धरावी तसं घेऊन खाली आला. मला वाटलं, संपलं. टेबलाखाली पाय घालायची तयारी करावी.

मग फोटो बघितले. आढ्याजवळ चार कौलं बसल्यासारखी वाटत होती. मोठं करून पाहिलं तर मधल्या फटीतून खालची फळी काळी पडलेली, भिजून भिजून भुगा झालेली. खालून, शिडीवरून, कुठूनच दिसली नसती. काम सुरू झालं की पहिला माणूस तिथूनच आढ्यावर चढतो. मीही तिथूनच चढलो असतो. मुकादमानं स्क्रीन धरली, बराच वेळ बघितलं. मग हसणाऱ्या माणसांकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून आधी हे वर जाईल. मग माणसं." आणि मला म्हणाला, "पण वाऱ्यात असं लटपटलेलं चालायचं नाही. त्याला काय लागतं ते आण."

तर ड्रोनचे खास कंट्रोलर आणले. त्या दुकानदारानं तुला दाखवले तसलेच. फरक काय सांगू! बोट हललं की ड्रोन हललं. जुन्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांना दुसऱ्या कामासाठी घडवलं होतं, तरी ते माझ्यासाठी उडले. मला खुर्चीतून उठवून कुंपणापर्यंत घेऊन गेले. पण ते विमानांचे आहेत मावशी. तू कापलेल्या वायरी मी पुन्हा लांब करून दिल्यात. डाख तुझ्याइतका चांगला नाही, हसू नकोस.

उद्या गिरणीच्या छपरावर आहे. मी नाही, ड्रोन. मी खाली उभा असेन, मान वर करून. वरून बघण्यापेक्षा हे वेगळं आहे. वाईट नाही.

खारू

१५ जून

खारू,

तुझा डाख भयंकर आहे. सगळा काढून पुन्हा केला.

पिवळ्यात कंट्रोलर बसवला, नवी बॅटरी आणली, रिमोट पट्ट्यानं गळ्यात अडकवला आणि रविवारी सकाळी मैदानावर गेले. विमान हातात घेऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, टाकायचं कुणी आणि उडवायचं कुणी? आजवर माझं काम टाकण्यापर्यंतचं. म्हटलं, आता दोन्ही आपणच.

पहिल्यांदा टाकलं ते नाकावर पडलं. रिमोटला हात पोचेपर्यंत खेळ खलास. गवत मऊ होतं, निभावलं. दुसऱ्यांदा डाव्या हातानं मोटरला जोर दिला, चार पावलं धावले (याला धावणं म्हणायचं तर) आणि सोडलं. गेलं. गोदामाच्या छपराइतकं, मग त्याच्याही वर. मी रिमोटची काठी धरली होती की काठीनं मला धरलं होतं, कुणास ठाऊक.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ताईलाही नाही. इतकी वर्षं मी धावत जाऊन विमान सोडायची आणि मग वळून तुझ्या काकांकडे बघायची. धापा टाकत, केस सुटलेले. वाटायचं, एकदा तरी माझ्याकडे बघून हसावं, हात करावा. ते कधी बघायचे नाहीत. नजर आभाळात. तरुणपणी फार लागायचं मला ते. पुढे सवय झाली, पण आत कुठेतरी राहिलं होतं. माणूस गेल्यावरही राहिलं होतं. हे मी कबूल करते.

रविवारी विमान वर होतं तोवर मी काय केलं सांगू? नजर खाली आणता येईना. एक क्षणही नाही. पापणी लवली तरी वाटायचं, आता हरवेल. शेजारून कुणी गेलं, काही बोललं, मला कळलं नाही. माझ्या पायांना मुंग्या चावत होत्या ते घरी आल्यावर दिसलं. अरे, बघणं शक्यच नसतं! मी जे फेकलं ते खाली पडू नये, म्हणून ते माझ्याकडे बघत नव्हते. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला रिमोट माझ्या हातात यावा लागला.

उतरवलं बऱ्यापैकी. एक चाक निघालं, बाकी ठीक. विमान गवतात थांबलं आणि मगच माझी मान खाली आली. आणि मी वळले. हात वर करून वळले, कुणी टाकलं होतं त्याला दाखवायला, की आलं बघ नीट. मैदानात कुणी नव्हतं. मग लक्षात आलं, टाकणारीही मीच होते. म्हणून मग हात तसाच वर ठेवला आणि जिथून मी धावत आले होते त्या गवताकडे बघून हलवला.

मावशी